पेडलवर पहिलं पाऊल

मळमड्डी, धारवाड
३ जुलै २०२४

धोंडिबा,

नमस्कार करून सरळ मुद्द्यावर येतो. फोन करता आला असता, पण उद्या तुम्ही ‘मी कुठं असं म्हणालो?’ म्हणून उडवून लावलंत तर मी काय दाखवणार? कोर्टात तेहतीस वर्षं काढली, शिरस्तेदार होऊन बाहेर पडलो. शपथेवरून फिरलेली माणसं इतकी पाहिलीत की आता सख्ख्या भावाकडूनही लेखी घेतो.

तर लेखी असं. वीस फेब्रुवारीला मी माझी पेडल स्टील गिटार तुमच्या तारिहाळच्या शेडमध्ये आणून दिली. वर्णन लिहून ठेवतो, नंतर वाद नको. टेबलासारखी चार पायांवर आडवी उभी राहणारी, सागवानी फळी, दहा तारा, खाली तीन पेडलं, गुडघ्यापाशी चार लिव्हर. डाव्या पायानं पेडल दाबलं की ठरलेली तार चढते, गुडघ्यानं लिव्हर सरकवली की उतरते. बावीस वर्षांपूर्वी तुमच्याच हातची. फळीला चीर गेली होती. तुम्ही म्हणालात, डागडुजी नको साहेब, नवीन करतो, जुन्यातलं चांगलं पितळ काढून नव्यात घालतो. मी मान डोलावली. त्याला साडेचार महिने झाले.

आज माझ्याकडे जुनी नाही आणि नवीही नाही. संध्याकाळचे सहा वाजले की मी त्या रिकाम्या कोपऱ्याकडे खुर्ची ओढतो आणि मग लक्षात येतं. चौसष्टाव्या वर्षी मला दुसरं काही वाजवता येत नाही, आणि शिकायची इच्छाही नाही. माझा जीव त्या फळीत आहे, आणि ती फळी सुटी होऊन तुमच्या शेडात पडली आहे.

आणखी एक कानावर आलंय. माझा पुतण्या रवी तारिहाळला एका कारखान्यात जातो. बेळगावच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या साकेतची पांढरी गाडी त्यानं तुमच्या दारात तीनदा पाहिली. हा साकेत गेल्या गणपतीत मला म्हणाला होता, “काका, कधी द्यायची झाली तर आधी मला सांगा हं.” मी आरोप करत नाही. नुसतं विचारतो. तो तिथं कशाला येतो?

जयलक्ष्मी मागं उभी राहून वाचतेय. म्हणते, “अहो, माणसाला आधी ‘कसे आहात’ तरी विचारा. देवानं तुम्हाला संसाराला नाही, पंचनामे करायला पाठवलंय.” तर, कसे आहात?

प्रभंजन नाडगीर

तारिहाळ
९ जुलै २०२४

नाडगीर साहेबांना धोंडिबा गावडेचा रामराम.

अक्षर कविताचं हाय, बोल माझे. मी बरा हाय. तुमचा साज पण बरा हाय. अळणावरहून सागवान आणून वाळत घातलंय. लाकूड वाळायला लागतंय तेवढा वेळ लागतोय की, त्याला नोटीस बजावून भागत न्हाई.

साकेतचा साज मीच केलेला. त्याच्या पेडलची एक कांब वाकली म्हणून घेऊन आला होता, त्यापायी दोनतीन खेपा झाल्या. तुमच्या साजाला त्यानं बोट लावलं न्हाई. आणि लावंल कसं? माझ्या शेडाचा नेम तुम्हाला ठाऊक हाय. वाद्य म्हणजे सरस्वती. पण या साजाला पाय लावल्याबिगर तो वाजत न्हाई, काय करणार? म्हणून बनवणाऱ्यानं पाय लावायचा न्हाई. मी पेडलं हातानं दाबून सूर लावतो. पेडलवर पहिलं पाऊल मालकाचं. मालक नमस्कार करून पाय ठेवतो, त्याला देवी माफ करती. आजवर अकरा साज केले, एकावरही माझं पाऊल पडलं न्हाई.

हा बारावा. माझा शेवटचा. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातला एक लोखंडवाला लेथ बघून गेलाय, डिसेंबरात त्याला काय ते सांगायचं. कविता म्हणती, अप्पा विकू नगा, मी चालवते. मी म्हटलं, साज ओळखणारा माणूस तुझ्या हाताला बरं म्हणंल तवा बघू. तोवर न्हाई.

अक्कांना नमस्कार सांगा.

धोंडिबा

ता. क. साहेब, हे माझं विचारणं. डाव्या गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं तुमचं माप कळवाल का? आणि पेडलवर तुम्ही नुसता चवडा ठेवता की अख्खं पाऊल? कविता

मळमड्डी
२९ ऑगस्ट २०२४

धोंडिबा,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. पत्र तुमचंच आहे, यात शंका नाही. ताजा कलम मात्र मला पटलेला नाही. माझ्या पायाचं माप तुमच्या वहीत बावीस वर्षांपासून आहे. तुमच्या समोर खुर्चीवर बसून, पँट वर करून दिलेलं. मग आता पुन्हा कशाला? एक तर वही गेली, नाही तर शेडात माझ्या एकट्याच्या पायाची नाही, आणखी कुणाच्या तरी पायाची गिटार होते आहे. आणि शेडात पाय लावतच नाहीत, तर चवडा की अख्खं पाऊल याची चौकशी पोरीनं का करावी?

म्हणून मी माप धाडलं नाही, स्वतः यायचं ठरवलं. परवा दुपारी बारा वाजता तुमच्या शेडाशी पोचलो. दाराला आतून कडी. आणि आत, धोंडिबा, मी माझ्या कानांनी ऐकलं, तार चढत होती. पेडल दाबून चढवलेली तार मला झोपेतही कळेल. एकदा चढली, उतरली, पुन्हा चढली. सहा महिन्यांनी ऐकत होतो! मी कडी वाजवली आणि आवाज बंद.

कविता बाहेर आली, दार मागं ओढून घेतलं. म्हणाली, अप्पा झोपलेत. भर दुपारी? बावीस वर्षांत मी तुम्हाला दिवसा पाठ टेकलेली पाहिली नाही. मी म्हणालो, मला नुसती फळी बघू दे. तर म्हणे, “अर्धवट साज मालकाला दाखवू नये, अप्पांची सक्त ताकीद आहे.” पाणी विचारलं, आत घेतलं नाही. मी रिक्षात बसून परत आलो.

आत कोण वाजवत होतं? मला एका ओळीत उत्तर द्या. माप सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलंय, उपकार म्हणून. चवडा ठेवतो, अख्खं पाऊल नाही.

प्रभंजन नाडगीर

तारिहाळ
४ सप्टेंबर २०२४

आदरणीय नाडगीर साहेब,

अक्षर कविताचे, बोल माझे. त्या दिवशी मला थोडा ताप होता, म्हणून झोपलो होतो. आत कोणी वाजवत नव्हते. कविता माझ्या सांगण्यावरून पेडल दाबून सूर तपासत होती. आपण काळजी करू नये. दसऱ्याच्या आयुधपूजेला साज पूजेत ठेवू आणि दिवाळी झाली की टेंपोने घरी पोचवू. तोपर्यंत कृपया शेडवर येण्याची तसदी घेऊ नये.

आपला,
धोंडिबा गावडे

मळमड्डी
१० नोव्हेंबर २०२४

धोंडिबा,

सहा तारखेला टेंपो आला. चौघांनी मिळून गिटार उचलून आत आणली. जयलक्ष्मीनं हळदकुंकू वाहिलं, मी पेटीचे खिळे काढले.

खोटं कशाला बोलू? बघून डोळ्यांत पाणी आलं. सागवानाच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. जुन्या गिटारचं पितळ उजळून बसवलेलं. तारेवर नखानं टिचकी मारली तर आवाज खोलीत हिंडत राहिला. जयलक्ष्मी म्हणाली, “आता तरी बसा आणि वाजवा.” मी पाय धुतले, नमस्कार केला, चप्पल न घालता पाऊल उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

मधल्या पेडलवर घासलेलं होतं.

मी भिंग आणलं. काळ्या रंगाची झळाळी एका जागी गेली आहे. हाताच्या पंजानं असं घासत नाही. तो चवडा आहे, आणि माझा नाही, लहान आहे. मग मी गिटार उलटी करून पाहिली. फळीच्या पोटाला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पट्टी ठोकलेली, बारा स्क्रूंवर. अशी पट्टी तुमच्या कुठल्याच गिटारीला मी पाहिलेली नाही. फळी मधून गेली होती का? जोडून, झाकून, कुणाची वापरलेली गिटार माझ्या गळ्यात मारली का?

शिवाय चार सप्टेंबरचं ते पत्र. “आदरणीय”, “कृपया”, “तसदी”! धोंडिबा, बावीस वर्षांत तुम्ही मला रामराम घातल्याशिवाय एक वाक्य बोललेला नाहीत. ते पत्र तुमचं नाही. मग कुणाचं?

पाच दिवस गिटार कोपऱ्यात उभी आहे, जयलक्ष्मीची धुतलेली साडी पांघरून. मी समोर बसतो आणि उठतो. पाय लावलेला नाही, आणि लावणारही नाही. पेडलवर पहिला पाय कुणाचा, हे आठ दिवसांत लेखी कळवा. नाही तर टेंपो बोलावतो आणि ही परत पाठवतो. माझं जुनं पितळ तेवढं काढून द्या, मी तेच उशाशी घेऊन बसेन.

प्रभंजन नाडगीर

तारिहाळ
१४ नोव्हेंबर २०२४

साहेब,

पाय माझा.

हे अक्षरही माझं आणि बोलही माझे. तुमचं दहा तारखेचं पत्र मी अप्पांना वाचून दाखवलेलं नाही.

एप्रिलमध्ये अप्पांचा उजवा हात गेला. सकाळी लेथवर उभे होते, हातातली कानस पडली, ती उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. अर्धांगवायू. पाय थोडा सुधारला, काठीनं चालतात. हाताची मूठ अजून वळत नाही. जुलैचं पत्र त्यांनीच सांगितलेलं होतं. ‘मी बरा हाय’ असं लिही म्हणाले, मी लिहिलं. सप्टेंबरचं माझं. त्या आठवड्यात त्यांची जीभ पुन्हा जड झाली होती, आणि तुम्ही तर दारात येऊन उभे. तुमच्या पत्रांत साकेत होता, कडी होती, भिंग होतं. अप्पा कसे आहेत, हे तुम्ही एकदाच विचारलंत, तेही काकूंनी सांगितलं म्हणून. रागावू नका. मला राग आला होता, तो लिहून टाकला.

तुमचा साज मी केला. अप्पा स्टुलावर बसून सांगायचे, इथं अजून घास, तिथं थांब. तासातासाला चिडायचे. लाकूड, पितळ, लिव्हर, सगळं त्यांच्या नजरेखाली झालं. फक्त एक गोष्ट त्यांना माहीत नाही.

साकेत मे महिन्यात कांब बदलायला आला तेव्हा बदलून झाल्यावर तो समोर बसून वाजवायला लागला. मी टेबलाखाली बसून रॉड बघत होते. त्यानं पाय दाबला की दाबलेली तार बरोबर चढायची, पण बाकीच्या तारा किंचित उतरायच्या. किंचितच. मी हातानं दाबलं तर उतरेनात. पुन्हा त्याला दाबायला लावलं, पुन्हा उतरल्या. मग कळलं. हाताचा जोर तो किती? पायाचा भार पडला की फळीच वाकते. अप्पांनी अकरा साज हातानं लावले, त्यामुळं ते त्यांना कधी दिसलंच नाही.

मी सांगून पाहिलं. म्हणाले, “पायानं तपासायचं असलं तर शेडाबाहेर हो.” मग ते दुपारी जेवून आडवे झाले की मी कडी घालायची आणि पाय लावायची. दर वेळी आधी कान पकडायची. तुम्ही ऐकलंत तो माझाच पाय, आणि माप नि चवडा विचारला तोही तुमचा भार कुठं पडेल ते कळायला. पट्टी जोड झाकायला नाही, फळी वाकू नये म्हणून आहे. अप्पांना ती शोभेची वाटते.

आता ऐका. लोखंडवाला डिसेंबरअखेर येणार आहे. तुम्ही साज बरोबर आहे म्हणून लिहिलंत तर अप्पा त्याला परत पाठवतील, तसा शब्द दिलाय त्यांनी. पाय लावल्याचं कळलं तर लेथ त्याच दिवशी जाईल. मला लेथशिवाय काही नको आहे साहेब. बी. कॉम. करून बँकेच्या परीक्षा दिल्या, त्यात मन लागत नाही. खोटं लिहा म्हणत नाही. पायाचं तेवढं लिहू नका.

आणि परत पाठवायच्या आधी एकदा वाजवा.

कविता

मळमड्डी
२८ नोव्हेंबर २०२४

चि. कविता,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी त्यावर विश्वास ठेवला नाही. आरोपी कबुली देतो तेव्हा तो त्याहून मोठं काही लपवत असतो, असं आमच्या ऑफिसात म्हणायचे. रवीला तुमच्या शेजारी चौकशीला पाठवलं. अप्पांच्या हाताचं खरं निघालं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मग दुसऱ्या दिवसापासून वाजवतोय. बारा दिवस झाले. पहाटेच्या थंडीत वाजवलं, भर उन्हात खिडकी उघडून वाजवलं, सुराचं मशीन लावून तपासलं, जयलक्ष्मीला समोर बसवून तपासलं.

तुझ्या अप्पांना ‘साज बरोबर आहे’ एवढंच लिहायला बसलो होतो. लिहवेना. तो बरोबर का आहे, ते त्या पायात आहे. ते गाळलं तर अर्धी साक्ष होते. आणि साज तुझ्या हातचा म्हणून पसंत पडला हे त्यांना कळायचं असेल, तर तुझ्या हातानं त्यांच्याहून वेगळं काय केलं तेही कळायला हवं. नाही तर तू जन्मभर दुपारी कडी घालून काम करशील.

सोबत त्यांच्यासाठी पत्र आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. वाचून दाखवायचं की फाडायचं, ते तू ठरव. फाडलंस तर मला कळव, मी दोन ओळींचं दुसरं धाडतो आणि पायाचा विषय पुन्हा काढत नाही.

मी कुणाच्या हातात असा निकाल कधी दिलेला नाही.

प्रभंजनकाका

(सोबतचं पत्र)

धोंडिबा, रामराम.

आधी माफी मागतो. पाच महिने मी तुमची उलटतपासणी केली, आणि तुम्ही उजवा हात गमावून बसला होतात.

आता ऐका, आणि रागावायचं तर माझ्यावर रागवा. तुमच्या पहिल्या गिटारवर मी नऊ वर्षं कार्यक्रम केले. पेडल दाबून गंधारावर थांबलो की खालचा षड्ज मला बसका वाटायचा. तबलजी म्हणायचा, काही नाही हो. पेटीवाला म्हणायचा, बरोबर आहे. मला वाटलं, आपलाच कान गेला. हुबळीला डॉक्टरला दाखवलं, कानात तेल घातलं, काय काय केलं. २०११ मध्ये विद्यागिरीच्या एका कार्यक्रमात मध्येच थांबलो आणि लोकांसमोर वाजवणं सोडलं. कुणालाही खरं कारण सांगितलं नाही, जयलक्ष्मीलाही नाही. माणसांवर संशय घ्यायला मी फार नंतर लागलो धोंडिबा, पहिला संशय स्वतःच्या कानावर घेतला होता.

या गिटारीचा षड्ज हलत नाही. बारा दिवसांत एकदाही हलला नाही. कारण पायाचा भार पडला की फळी वाकते हे कविताच्या लक्षात आलं. ते हातानं दाबून कळण्यासारखं नव्हतंच. तिनं पेडलवर पाय ठेवला, म्हणून कळलं. होय, माझ्या आधी ठेवला. कान पकडून ठेवला. माझी काही तक्रार नाही. माझा कान शाबूत आहे, हे मला चौसष्टाव्या वर्षी तुमच्या पोरीच्या पायामुळं समजलं.

साज बरोबर आहे. लेथ कुणाचा, ते तुम्ही ठरवा.

प्रभंजन नाडगीर

तारिहाळ
२१ डिसेंबर २०२४

नाडगीर साहेब, रामराम.

हे मी डाव्या हातानं ल्हितोय. चार दिस लागले. वाकडं हाय, गोड मानून घ्या.

कवितानं तुमचं पत्र हुभं राहून वाचलं. सगळं वाचलं. एक शबूद गाळला न्हाई. मी तांब्या फेकून मारला. लागला न्हाई. तीन दिस तिच्या हातचं पाणी घेतलं न्हाई, शेडाची किल्ली उशीखाली घेऊन निजलो. तिनं काय मागितलं न्हाई. रडली पण न्हाई. माझ्यासारखीच हाय मुलखाची हट्टी.

चौथ्या दिशी मीच किल्ली काढली. शेडात एक जुनी फळी होती, रॉड पेडल लावलेली. तिला म्हटलं, लाव पाय. मी खाली बसून डावा हात फळीच्या पोटाला धरला. तिनं दाबलं.

वाकली साहेब. केसाएवढी. हाताला कळली.

अकरा साज केले. तुमचा सोडून धा माणसं त्यावर वाजवत्यात. तुम्ही वाजवायचं सोडलं आणि मला वाटायचं साहेबाला आता हौस ऱ्हायली न्हाई. माझ्यापायी तुमची वर्सं गेली. लई वाईट वाटतंय.

लोखंडवाल्याला परत धाडला. त्या धा जणांस्नी कविता पत्रं ल्हितीया, साज घेऊन या, पट्टी मारून देतो म्हणून.

आता एक मागणं हाय. न्हाई म्हणलासा तरी राग न्हाई. एवढे साज केले पण पायाखाली पेडल कसं लागतंय ते मला ठाऊक न्हाई. रविवारी कविता मला मळमड्डीला घेऊन येती म्हणती. तुमच्या साजावर मला एकदा पाय ठेवू द्या. उजवा जड हाय, डावा चालतोय.

पाय धुऊन येतो.

धोंडिबा